डोळ्यांनी पाठ केलेले घर

मी एक जुनी टेप आहे, मित्रांनो. गाणी वाजवणारी नव्हे, मोजमाप करणारी. माझी फीत पोलादाची आणि पिवळ्या रंगाची आहे. तिच्या एका कडेला इंच आहेत आणि दुसऱ्या कडेला सेंटिमीटर. पहिल्या चार इंचांचे आकडे आता पुसले गेले आहेत. आतली स्प्रिंग थकली आहे, त्यामुळे फीत पूर्ण आत जात नाही. वीतभर बाहेर लोंबत राहते. मी फार बोलू शकेन असे वाटत नाही, पण जे मोजले ते सांगते.

माझा जन्म पंजाबातल्या एका कारखान्यात झाला. तिथे माझ्यासारख्या हजारो टेप रोज तयार होत. एका खोक्यात भरून आम्ही सुरतेला आलो आणि उधन्यातल्या एका हार्डवेअरच्या दुकानात माझी रवानगी काचेच्या कपाटात झाली. १९९१ साली एका दुपारी सुधाकर गुरुजी त्या दुकानात आले. ते मूळचे धुळ्याकडचे. इथल्या मराठी शाळेत ते चित्रकला आणि भूमिती शिकवत. त्यांनी मला हातात घेतले, फीत बाहेर ओढली, खिशातल्या फूटपट्टीशी लावून पाहिली आणि म्हणाले, "खरी आहे." माझ्या आयुष्यातले हे पहिले कौतुक.

गुरुजींनी मला घेतले ते घर बांधायचे म्हणून. शहराच्या कडेला, गोडादऱ्याला त्यांनी एक छोटा प्लॉट घेऊन ठेवला होता. त्या वेळी ते उधन्यात एका माडीवर भाड्याने राहत. खाली पावरलूमचा कारखाना होता. दिवसभर मागांच्या खटखटीने माडीची जमीन थरथरायची आणि रॅकवरची भांडी किणकिणायची. गुरुजींच्या पत्नी सुनंदाताई त्या आवाजातच शिलाई मशीनवर ब्लाऊज शिवायच्या. त्यांची मुलगी अनुजा तेव्हा दहा वर्षांची होती.

आता सुनंदाताईंच्या डोळ्यांविषयी सांगायला हवे, कारण सारी गोष्ट त्यांच्यापाशीच येते. त्यांना सुईचे नेढे अगदी स्वच्छ दिसे. दोरा त्या एका फटक्यात ओवत. पण शेजारी ठेवलेली बादली त्यांना दिसत नसे. चालताना खांदा दाराला लागे. संध्याकाळ झाली की त्या जागच्या हलायला घाबरत. सासरची माणसे त्यांना धांदरट म्हणत, आणि बरीच वर्षे त्यांनाही तसेच वाटत होते. मग शहरातल्या एका डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितले की हा डोळ्यांच्या पडद्याचा आजार आहे. कडेची नजर आधी जाते, मग वर्तुळ लहान लहान होत जाते, नळीतून पाहिल्यासारखे. औषध नाही.

गुरुजी त्या दिवशी घरी आले, त्यांनी पाटावर कागद ताणून बसवला आणि नकाशा काढायला घेतला.

असे घर कुणी काढले नसेल, मित्रांनो. पुढच्या दारापासून स्वयंपाकघरापर्यंत सरळ वाट, मध्ये एकही उंबरा नाही. भिंतींचे कोपरे गोल केलेले. कपाटे भिंतीच्या आत, म्हणजे खांद्याला काही लागायला नको. दारे सरकणारी, कारण अर्धवट उघडे दार कपाळावर बसते. मोरी आणि चूल यांच्यामध्ये हात पोचेल एवढेच अंतर. ते अंतर किती असावे हे ठरवण्यासाठी गुरुजींनी सुनंदाताईंना हात पसरायला सांगितले आणि मला त्यांच्या खांद्यापासून बोटांच्या टोकापर्यंत धरले. "सव्वीस इंच," ते म्हणाले आणि लिहून घेतले. मला तेव्हा मोठा अभिमान वाटला होता.

दर रविवारी आम्ही गोडादऱ्याला जायचो. माझे टोक अनुजा धरायची, डबी गुरुजींच्या हातात. जमिनीवर चुन्याची फक्की टाकून गुरुजी खोल्या आखत. सुनंदाताई त्या पांढऱ्या रेषांच्या आत उभ्या राहून म्हणत, "म्हणजे इथे चूल." गुरुजी म्हणत, "नाही, आणखी एक पाऊल डावीकडे." त्या एक पाऊल डावीकडे सरकत. पुढच्या रविवारपर्यंत वाऱ्याने आणि गुरांच्या पायांनी रेषा पुसल्या जायच्या. मग पुन्हा आखायच्या.

अशी तीन वर्षे गेली. नकाशा दोनदा बदलला, मग तिसऱ्यांदा. कधी खिडकीची दिशा चुकलेली वाटे, कधी मोरीचा उतार. माझी घडी होत नाही, नाही तर एव्हाना मी घडीवर फाटले असते. माझ्या आकड्यांवरचा रंग त्याच वर्षांत झिजायला लागला. सुनंदाताई सुरुवातीला नकाशावर वाकून प्रत्येक रेघ विचारत. पुढे पुढे त्या नुसते "हो" म्हणू लागल्या आणि मशीनवर जाऊन बसू लागल्या.

शेवटी १९९४च्या पावसाळ्याअखेर गुरुजींनी सुपडू मिस्त्रींना बोलावले. सुपडू मिस्त्री खानदेशातले, नवागामला राहायचे. सुरतेत वीस वर्षे त्यांनी लोकांच्या भिंती चढवल्या होत्या. त्यांनी नकाशा पाहिला, मला हातात घेऊन स्वतः माप घेतले आणि दसऱ्याला पाया खणायचा ठरवले.

पण त्याच सप्टेंबरात शहरात प्लेगची साथ आली. तोंडाला रुमाल बांधलेली माणसे उधना स्टेशनावर लोटली. माग बंद पडले. माडीखालची खटखट थांबली तेव्हा ती जमीन मी पहिल्यांदा स्थिर असलेली पाहिली. सुपडू मिस्त्री मुलाबाळांना घेऊन गावी गेले, त्यांचे सारे गडीही गेले. शाळेला सुट्टी मिळाली. गुरुजींचे कुटुंब मात्र कुठे गेले नाही, कारण गर्दीच्या गाडीत सुनंदाताईंना नेणे त्यांना धोक्याचे वाटले. रिकाम्या दिवसांत गुरुजींनी काय केले? नकाशा चौथ्यांदा बदलला.

दिवाळीनंतर माणसे परतली, पण गडी पुरेसे नव्हते. ज्यांचे काम अर्धवट होते त्यांनी मिस्त्रींना आधी धरले. पाया लांबणीवर पडला. डिसेंबरात एका संध्याकाळी सुनंदाताई माडीच्या जिन्यावरून उतरताना चुकल्या. चार पायऱ्या घसरत खाली आल्या आणि उजव्या हाताचे मनगट मोडले. दीड महिना मशीन बंद राहिले.

प्लास्टर निघाल्यावर गुरुजी त्यांना पुन्हा डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. परत आल्यावर अनुजाने विचारले तेव्हा सुनंदाताईंनीच सांगितले, अगदी साध्या आवाजात, की आणखी दोन वर्षे, फार तर अडीच. मग उजेड आणि अंधार एवढेच कळेल. गुरुजी खिडकीपाशी उभे होते. थोड्या वेळाने त्यांनी खिशातून मला काढले आणि उगाचच खिडकीची चौकट मोजली.

सुपडू मिस्त्रींना विचारले तेव्हा त्यांनी खोटी आशा दाखवली नाही. एका पगारात, थोडे थोडे करत बांधायचे तर दोन पावसाळे जातील, कदाचित तीन, असे ते म्हणाले.

त्या सुमारास शाळेतल्या कुणी तरी सांगितले की दिंडोलीच्या बाजूला एका बिल्डरने चोवीस रो-हाऊस बांधून तयार ठेवली आहेत. गुरुजींनी आधी ऐकून सोडून दिले. सुनंदाताई म्हणाल्या, बघायला काय हरकत आहे. त्या स्वतःहून काही म्हणाल्या अशी ती बऱ्याच महिन्यांतली पहिली वेळ होती. म्हणून आम्ही गेलो.

दोन रांगांत बारा-बारा घरे होती, सगळी एकसारखी, एकाच गुलाबी रंगाची. बिल्डरचे मगनभाई चाव्यांचा जुडगा घेऊन उभे होते. माणूस हसतमुख होता. अर्धे गुजराती, अर्धे हिंदी बोलत त्यांनी पुढच्या रांगेतले टोकाचे घर उघडले. "साहेब, बधुं तैयार छे," ते म्हणाले. "आजे चावी लो, काले रहेवा आवी जाव." म्हणजे आज चावी घ्या, उद्या राहायला या.

गुरुजींनी मला बाहेर काढले. तो दिवस मी विसरणार नाही, कारण इतक्या रागाने त्यांनी मला कधीच ओढले नव्हते. छापील कागदावर पुढची खोली दहा बाय बारा होती. मी नऊ फूट दहा इंच दाखवले. मोरीचे दार अरुंद निघाले. स्वयंपाकघराला दोन इंचांचा उंबरा होता. बाहेर ओट्याला तीन पायऱ्या होत्या. पहिली सहा इंच, दुसरी सहा इंच, तिसरी साडेसात. गुरुजी एकेक चूक मोठ्याने वाचत होते आणि मगनभाई मान हलवत होते. मला वाटत होते, मी किती उपयोगाची आहे. मी प्रत्येक गोष्ट खरी सांगितली.

तेवढ्या वेळात सुनंदाताई घरभर फिरत होत्या. कुणाचे लक्ष नव्हते. त्या भिंतीला एक तळवा लावून चालायच्या, थांबायच्या, मान हळूहळू फिरवून कोपरा न् कोपरा त्या छोट्या वर्तुळातून पाहायच्या. मग डोळे मिटून तेवढेच पुन्हा चालायच्या. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी त्या तीनदा गेल्या आणि तीनदा परत आल्या.

त्यांनी अनुजाला मगनभाईंबरोबर पाण्याची टाकी बघायला बाहेर पाठवले. मग त्या गुरुजींकडे वळल्या.

"अहो, तुमच्या नकाशातलं घर याच्यापेक्षा चांगलं आहे," त्या म्हणाल्या. "पण ते उभं राहील तेव्हा मला दिसणार नाही. कुणी तरी सांगितलेल्या घरात मी आयुष्यभर चाचपडत राहीन. हे घर मला आज दिसतंय. मी ते डोळ्यांनी पाठ करून ठेवीन."

"आणि या चुका?" गुरुजींनी विचारले.

"चुकाही पाठ करीन. पण त्यालाही डोळे लागतात."

मग सुनंदाताई हळू म्हणाल्या, "चार वर्षं तुम्ही माझ्यासाठी घर काढताय. मला किती भीती वाटते, हे एकदाही विचारलं नाहीत."

माझी फीत तेव्हा दोन भिंतींच्या मध्ये ताणलेली होती. गुरुजींचा हात सुटला आणि मी सरसर करत डबीत परतले. टोकाची पट्टी जोरात आपटली. ती तेव्हापासून जरा सैल आहे.

गुरुजींनी लगेच होकार दिला असे नाही. ते घर घ्यायचे तर प्लॉट विकावा लागणार होता. दोन्ही गोष्टी होणाऱ्या नव्हत्या. पुढचे तीन आठवडे माडीवर कामापुरतेच बोलणे होत होते. एका रविवारी गुरुजी एकटेच मला घेऊन गोडादऱ्याला गेले. प्लॉटवर बाभळीची झुडपे माजली होती. त्यांनी पुढच्या दाराची जागा शोधली, मला तिथे टेकवले आणि स्वयंपाकघराकडे चालू लागले. मध्ये काट्यात फीत अडकली. त्यांनी ती सोडवली, पण पुढे गेले नाहीत. तिथेच बसून राहिले, बराच वेळ.

मी त्यांना नावे ठेवत नाही, मित्रांनो. त्यांना बायकोचे दुःख बघवत नव्हते. कागदावर ते सोडवता येत होते, म्हणून ते कागदावरच राहिले. नकाशा पुरा झाला नाही तोवर तो दिवसही येणार नाही, असे कुठे तरी त्यांना वाटत असावे. आणि मी त्यांच्या हातात होते. त्यांनी जे विचारले तेवढेच मी सांगितले.

तिथून ते नवागामला सुपडू मिस्त्रींच्या घरी गेले. दिंडोलीच्या घरांचे बांधकाम कसे आहे, एवढेच त्यांना विचारायचे होते. मिस्त्री जेवत होते. त्यांनी हात धुतला, गुरुजींना खाटेवर बसवले आणि भिंती चांगल्या आहेत, गिलावा पातळ आहे, गच्चीला एक हात डांबर मारावे लागेल, असे नीट सांगितले. मग गुरुजींनी पायऱ्यांचा विषय काढला. मिस्त्री खाली बघू लागले.

"गुरुजी, त्या पायऱ्या मन्हाच हातन्या शेत," ते म्हणाले. "घाईमा बांध्यात. तिसरी उंच व्हयनी, ते माले तवाच दिसनं व्हतं."

वीस वर्षे भिंती चढवणाऱ्या मिस्त्रीने त्या पायऱ्या आपल्याच हातच्या आहेत हे कबूल करणे सोपे नव्हते. त्या जागेवर रोज तीन घरांचे ओटे उरकायचे होते, असे त्यांच्या पत्नी धुरपदाबाई दारातून म्हणाल्या. मिस्त्रींनी त्यांना हाताने थांबवले. ताईंसाठी ती पायरी मी तोडून पुन्हा बांधून देईन, मजुरी नको, असे ते म्हणाले.

गुरुजी घरी आले आणि सुनंदाताईंना म्हणाले, "घेऊ या ते घर." त्या रात्री नकाशाचा पाट भिंतीला टेकवून ठेवला गेला. दोघे जण नुसते बसले होते. सुनंदाताईंना कशाकशाची भीती वाटते ते त्या सांगत होत्या आणि गुरुजी ऐकत होते. मोजण्यासारखे त्यात काही नव्हते.

पंचाण्णव सालच्या पाडव्याला आम्ही दिंडोलीला राहायला आलो. त्याआधी सुपडू मिस्त्रींनी शब्द पाळला होता. एक पायरी मोडून भागले नाही. त्यांनी तिन्ही मोडल्या आणि नव्याने बांधल्या. प्रत्येक थर चढवला की मला मागायचे. साडेसहा, साडेसहा, साडेसहा. सुनंदाताईंनी त्यांवरून वर-खाली करून पाहिले तेव्हा मिस्त्री बाजूला उभे होते, परीक्षा देणाऱ्या मुलासारखे.

मग सुनंदाताईंनी घर पाठ करायला घेतले. त्यांच्याजवळ वेळ कमी होता, पण त्यांनी घाई केली नाही. सकाळी सगळे बाहेर गेले की त्या एक खोली घेत. डोळे उघडे ठेवून चालत, मग मिटून चालत, चुकले की उघडून बघत. दिव्यांची बटणे जमिनीपासून किती उंचीवर आहेत ते अनुजा माझ्या मदतीने सांगे. सुनंदाताई ते इंच आपल्या अंगावर लावून घेत. "म्हणजे कोपराच्या वर चार बोटं," असे म्हणत. हळूहळू माझे सगळे आकडे त्यांच्या हातापायांत गेले. कुठे अडले तर त्या गुरुजींना सांगत. त्यांनी सांगितले म्हणून आत उघडणारी खिडकी बाहेर उघडणारी झाली. वर्षभराने स्वयंपाकघराचा उंबराही निघाला. नकाशातल्या बऱ्याच गोष्टी अशा एकेक करून त्या गुलाबी घरात आल्या, पण आता त्या सुनंदाताईंनी मागितल्यावर येत होत्या.

सत्त्याण्णवच्या अखेरीस वर्तुळ मिटले. खिडकी कुठे आहे एवढे त्यांना उजेडावरून कळे, बाकी काही नाही. पहिले काही महिने वाईट गेले. त्या रडल्या, अनुजावर चिडल्या, चार दिवस अंथरुणातून उठल्या नाहीत. मग उठल्या. पोळ्या करू लागल्या. ब्लाऊज शिवणे थांबले, पण हुक आणि बटणे त्या बोटांनी चाचपून लावत. नवे पाहुणे आले तर त्यांना बराच वेळ काही कळत नसे, इतक्या सहज त्या घरात वावरत.

माझे काम संपत आले होते. मी शिलाई मशीनच्या खणात बॉबिनांच्या शेजारी पडून असे. गंज चढू लागला. त्याची मला खंत नव्हती.

गेल्या वर्षी अनुजाची बारावी होती. तिला अभ्यासाला उजेड हवा म्हणून गुरुजींनी एका सकाळी मशीन दीड फूट पुढे ओढले आणि खिडकीपाशी तिचे टेबल लावले. काम चांगले झाले होते. सुनंदाताई शेजारी गेल्या होत्या, त्यांना सांगायचे राहून गेले. दुपारी त्या गरम वरणाचे पातेले घेऊन स्वयंपाकघरातून पुढच्या खोलीत आल्या, नेहमीच्या चालीने. मशीनचा कोपरा त्यांच्या मांडीत घुसला. त्या पडल्या. वरण हातावर सांडले.

गुरुजींनी धावत जाऊन हातावर पाणी ओतले. सुनंदाताई ओरडल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "कुणी हलवलं?"

"मी," गुरुजी म्हणाले. "उजेडासाठी."

फोड पंधरा दिवसांत बरे झाले. पण त्या दुपारनंतर सुनंदाताई भिंतीला हात लावून चालू लागल्या. ज्या खोल्यांत काहीच हलले नव्हते तिथेसुद्धा. मोरीत, मागच्या दाराशी, स्वतःच्या पलंगापाशी. एक वस्तू हलली आणि सगळे घर त्यांच्या पायांखालून गेले.

गुरुजींनी त्याच संध्याकाळी मला खणातून काढले. मशीन होते तिथे ठेवायचे होते. पण आधीचे माप कुणी लिहून ठेवले नव्हते. आयुष्यभर मोजणाऱ्या माणसाने नेमके तेच मोजले नव्हते. ते मला हातात धरून तसेच उभे राहिले. मग सुनंदाताई आल्या, जमिनीवर बसल्या आणि भिंत व मशीनचा पाय यांच्यामध्ये आपला तळवा ठेवला. "अजून चार बोटं मागे," त्या म्हणाल्या. गुरुजींनी ढकलले. "थोडं पुढे. बस." मला उघडायची गरज पडली नाही. गुरुजींनी मला परत खणात ठेवले आणि त्यांच्या शेजारी जमिनीवर बसले. माफी मागितली. विचारल्याशिवाय काही हलवणार नाही म्हणाले. आजवर त्यांनी ते पाळले आहे.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल. कुणी स्वतःच्या मनासारखे घर बांधाल, कुणी बांधलेले घ्याल. दोन्हींत खोट नाही. मी दोन्ही मोजली आहेत. फक्त ज्याला त्यात राहायचे आहे त्याला आधी विचारा, आणि त्याने सवय केलेली वस्तू त्याला न सांगता हलवू नका. माझ्यासारखी एखादी टेप तुमच्या घरी असेल तर तिला कोरड्या फडक्याने पुसत जा. फीत हाताने धरून हळू आत सोडा. आपटत राहिली की टोक सुटते.

आता दुपारचे चार वाजले असतील. स्वयंपाकघरात कपांचा आवाज येतो आहे. सुनंदाताई चहा घेऊन पुढच्या खोलीत येतील. मशीनपाशी आल्यावर त्या क्षणभर थांबतात, त्याच्या कडेवरून हात फिरवतात, आणि ते जागेवर आहे असे कळले की मगच पुढचे पाऊल टाकतात.